कोरा रकाना

आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्स शहरात, नदीपासून तीन गल्ल्या आत असलेल्या एका घरात, बैठकीच्या भिंतीवर पस्तीस वर्षं एक वंशवृक्ष टांगलेला होता. जाड कागद, काळी शाई, वर काचेची चौकट. बुंध्याशी नाव होतं यान द्वोर्झाक, जन्म 1841, बोहेमिया. त्या नावाच्या डाव्या अंगाने एक रेघ निघून शेजारच्या फांदीवरच्या दुसऱ्या नावाला भिडत होती: आंतोनीन द्वोर्झाक, संगीतकार, जन्म 1841. पाहुण्याच्या पुढ्यातली कॉफी संपायच्या आत आजोबा त्याला ती रेघ दाखवत.

त्या रेघेचा आजोबांना किती अभिमान होता, हे समजण्यासाठी आयोवातली चेक माणसं माहीत असावी लागतात. न्यूयॉर्कमध्ये नोकरीला असलेले संगीतकार द्वोर्झाक 1893 चा उन्हाळा घालवायला बायकामुलांसह याच राज्यातल्या स्पिलव्हिल या खेड्यात आले होते. आजूबाजूला सगळी चेक वस्ती. तिथल्या चर्चमध्ये ते ऑर्गन वाजवत आणि तिथेच त्यांनी ‘अमेरिकन’ नावाने ओळखलं जाणारं चार तंतुवाद्यांचं चतुष्टक लिहिलं. कत्तलखान्यात आणि मक्याच्या शेतात राबणाऱ्या माणसांच्या मुलुखात आपल्या भाषेतला एवढा मोठा माणूस येऊन राहून गेला, ही गोष्ट त्या घरांमध्ये चार पिढ्या सांगितली गेली. आजोबांचं आडनावही द्वोर्झाक. चेक भाषेत ‘द्वूर’ म्हणजे दरबार, म्हणून आपण मूळचे दरबारी, असंही ते सांगत.

वंशवृक्षाच्या उजव्या अंगाला आजीची जागा होती. तिथे आजीचं नाव, खाली ‘क्लीव्हलंड’ एवढं गाव, आणि वर काहीच नाही. आजी स्लोव्हाक. तिची माणसं खाणीत आणि पोलादाच्या भट्ट्यांवर काम करणारी. त्यात शोधण्यासारखं काय आहे, असं आजोबा म्हणत. आजी त्यावर काही बोलत नसे. ती गेली तेव्हाही ती जागा रिकामीच होती.

13 जून 2008 ला सीडर नदीची पातळी 31 फुटांवर गेली. शहराचा मध्यभाग आणि नदीकाठची चेक वस्ती पाण्याखाली गेली. तिथलं राष्ट्रीय चेक आणि स्लोव्हाक संग्रहालयही बुडालं. आजोबांच्या बैठकीत छातीएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर चौकट सापडली, पण कागदावर शाई फुटून निळसर डाग तेवढे उरले होते.

संग्रहालय पुन्हा उभं राहिलं. पंधराशे टनांची ती इमारत 2011 मध्ये जागची उचलून उंचावर नेली आणि 2012 च्या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडायची ठरली. त्या निमित्ताने सगळ्या द्वोर्झाक कुटुंबाने जमायचं असा बेत झाला. एक्याऐंशी वर्षांच्या आजोबांनी नातीला बोलावून सांगितलं, “तो वंशवृक्ष पुन्हा काढून दे. माझ्याकडे त्याचं टिपण आहे. जसंच्या तसं उतरव.”

नात परिचारिका होती. एकाच नावाच्या दोन रुग्णांचे कागद एकमेकांत मिसळले तर काय होतं, हे तिने एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून मनगटावरची पट्टी दोनदा वाचल्याशिवाय ती कुणाला गोळी देत नसे. ती म्हणाली, “देदा, उतरवते. पण आधी एकदा तपासते.”

देदा म्हणजे चेक भाषेत आजोबा. त्यांना ते आवडलं नाही. “त्यात तपासायचं काय? पैसे मोजून करून घेतलेलं काम आहे ते.”

काम खरंच पैसे मोजून केलेलं होतं. सत्तरच्या दशकात, चेकोस्लोव्हाकियाची सीमा बंद असताना, आजोबांनी कुणाला तरी पैसे पाठवले होते. यान द्वोर्झाक 1841 साली जन्मला, एवढंच त्यांना घरातून माहीत होतं. उत्तरात कागद आला. संगीतकाराचं जन्मगाव नेलाहोझेवेस. त्याच्या जवळच्याच एका गावात 1841 साली यान द्वोर्झाक जन्मल्याची नोंद आहे, आणि त्याचे वडील संगीतकाराच्या वडिलांचे चुलत भाऊ. नाव जुळलं, साल जुळलं. आजोबांनी चौकट करायला दिली.

चेक देशातल्या चर्चच्या नोंदवह्यांना ‘मात्रिका’ म्हणतात. सम्राट जोसेफ दुसरा याने 1784 मध्ये हुकूम काढून त्यांना सरकारी दस्तऐवजाचा दर्जा दिला. प्रत्येक गावाचं पुस्तक वेगळं. जन्म, लग्न आणि मृत्यू यांची पुस्तकं वेगळी. आणि आडवे उभे छापील रकाने. तारीख, घराचा क्रमांक, बाळाचं नाव, कॅथलिक की प्रोटेस्टंट, मुलगा की मुलगी, औरस की अनौरस, वडील, आई, धर्माचे आईबाप म्हणून उभे राहिलेले साक्षीदार, आणि सुईणीचं नाव. घरांना क्रमांक त्याआधीच, 1770 च्या सुमारास, सैन्यभरतीच्या सोयीसाठी मिळाले होते. राजाला माणसं मोजायची होती, कर घ्यायचा होता, पोरं लढाईवर न्यायची होती. पण त्या हुकमामुळे गुराख्याच्या आणि मोलकरणीच्या पोराचं नावही जहागीरदाराच्या पोराएवढ्याच ओळीत लिहिलं गेलं. जगात फार थोड्या ठिकाणी गरिबांची नावं इतक्या नीट जपली गेली आहेत.

या वह्यांची पानं आता पडद्यावर पाहता येतात. नातीने नेलाहोझेवेसच्या बाजूचं जन्मपुस्तक उघडलं. यान होता. साल बरोबर, वडिलांचं नाव बरोबर. मग तिने मृत्यूचं पुस्तक उघडलं. मला विचाराल तर पूर्वज शोधणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक आधी उघडावं. बहुतेक जण ते शेवटी उघडतात, कारण आपला पूर्वज म्हातारा होऊनच मेला असणार असं प्रत्येकाला वाटतं. त्या काळी पाचात दोन-तीन मुलं हाताशी लागायच्या आत जात. गेलेल्याचं नाव पुढच्याला ठेवत, त्यामुळे एकाच घरात तीन-तीन यान सापडतात. आजोबांच्या वंशवृक्षाच्या बुंध्याशी असलेला यान द्वोर्झाक सहा आठवड्यांचा होऊन गेला होता. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं ‘आकडी’.

नातीने पडदा बंद केला. त्या रात्री तिने आजोबांना फोन केला नाही.

मग आपला यान कोण? अमेरिकेतल्या कागदांवर शोध लागेना. नागरिकत्वाच्या अर्जावर ‘बोहेमिया, ऑस्ट्रिया’ एवढंच होतं. 1869 साली आलेल्या माणसाला देश विचारला तर तो दुसरं काय सांगणार? चेकोस्लोव्हाकिया नावाचा देश जन्माला यायला अजून 49 वर्षं होती. गावाचं नाव कुणी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. ते सापडलं दफनभूमीत. पणजोबाच्या बापाच्या, म्हणजे यानच्याच थडग्याचा दगड जमिनीत खचला होता. आजोबा दर वर्षी तिथे फुलं ठेवत, पण दगडाची खालची ओळ गवतात होती. नातीने गुडघे टेकून माती उकरली. ओल्या ब्रशने घासल्यावर अक्षरं वर आली: ‘जन्मला’ आणि पुढे गावाचं नाव. गाव दक्षिण बोहेमियातलं निघालं, नेलाहोझेवेसपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्या घरात आजही माणसं राहतात.

2011 च्या ऑक्टोबरअखेर ती त्र्शेबोनला पोहोचली. दक्षिण बोहेमियाच्या मात्रिका तिथल्या जुन्या किल्लेवजा राजवाड्यात ठेवल्या आहेत. गावाभोवती तळीच तळी. त्यातलं रोझमबेर्क हे सर्वांत मोठं तळं 1590 साली पुरं झालं. ते दिवस तळी आटवून मासे काढायचे होते. चिखलात उभी राहिलेली माणसं जाळी ओढत होती, काठावर लोक वाफाळतं सूप पीत ते पाहत होते, आणि हवेला ओल्या गाळाचा वास होता.

वाचनालयात तिला एक बाई भेटल्या. निवृत्त शिक्षिका, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. आठवड्यातून दोन दिवस येत आणि परदेशातून आलेल्यांना जुनी लिपी वाचून दाखवत. त्या काळची जर्मन हस्तलिपी म्हणजे ‘कुरेंट’. त्यात ‘ए’ आपल्याला ‘एन’ वाटतो, आणि ‘यू’च्या डोक्यावर चंद्रकोर नसेल तर तोही ‘एन’च. बाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाल्या, “शोधतेस कुणाला ते आधी सांगू नकोस. पुस्तकात आहे ते आधी वाचू. जे हवं ते मनात धरून बसलं की ही अक्षरं तेच म्हणायला लागतात.”

त्यांनी 1841 ची पानं उलटली. त्या गावात त्या वर्षी एकच यान जन्मला होता. घर क्रमांक 17. कॅथलिक. मुलगा. पुढच्या दोन खणांपैकी ‘औरस’च्या खणात काही नव्हतं, ‘अनौरस’च्या खणात एक उभी रेघ होती. वडिलांचा रकाना कोरा. आईच्या रकान्यात कातेर्झिना, त्याच घरी मोलकरीण, दुसऱ्या गावच्या एका अल्पभूधारकाची मुलगी. साक्षीदार म्हणून घर क्रमांक 17 ची मालकीण, शेतकरी द्वोर्झाक याची बायको. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून नावापुढे तीन फुल्या.

नात बराच वेळ त्या कोऱ्या रकान्याकडे बघत राहिली. “पाद्र्याने विचारलं नसेल का?”

“विचारलं तरी लिहिता येत नसे,” बाई म्हणाल्या. “बाप स्वतः साक्षीदारांसमोर येऊन ‘माझं नाव लिहा’ म्हणाला तरच लिहायचं, असा नियम होता. तो आला नाही. कुणीही असेल. गडी असेल, शिपाई असेल, गावातलाच कुणी लग्नाचा माणूस असेल. आज आपण तिथे कुणाचं नाव घालायला गेलो तर ते खोटं होईल.”

“माझ्या आजोबांना काय सांगू?”

बाईंनी लगेच उत्तर दिलं नाही. त्यांनी पडद्यावरचं पान थोडं मोठं केलं आणि समासात पेन्सिलीने लिहिलेल्या बारीक तारखा दाखवल्या. 1939. 1940. 1941. पुन्हा 1940. पानापानावर.

“या तारखा कसल्या ठाऊक आहे? मी सहा वर्षांची होते. मार्च 1939 मध्ये जर्मन आले. सरकारी नोकरी टिकवायची तर आपण आर्य असल्याचा पुरावा द्यायचा. माझे वडील शिक्षक. त्यांना सात दाखले लागले. स्वतःचा, आईबापांचे दोन, दोन्हीकडच्या आजी-आजोबांचे चार. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते सात कागद ओळीने मांडलेले मला अजून दिसतात. सगळा देश पाद्र्यांच्या दाराशी रांगेत उभा होता. दाखला दिला की पाद्री समासात तारीख टाकत असे. ज्यांच्या कागदांवर ज्यू आजी-आजोबा निघाले, त्यांना तेरेझीनच्या छावणीत नेलं आणि तिथून पूर्वेला. याच प्रकारची पुस्तकं. हेच रकाने. लोक इथे येतात आणि मला विचारतात, आमच्या रक्तात कोण कोण आहे ते सांगा. मी वाचून दाखवते. पण रक्त हा शब्द ऐकला की मला ते टेबल आठवतं.”

इथे एक खरी हकीकत सांगावीशी वाटते, कारण तिचा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. काश्मीर प्रश्नासाठी संयुक्त राष्ट्रांनी 1948 मध्ये जो आयोग पाठवला, त्यात चेकोस्लोव्हाकियाचे योसेफ कोर्बेल होते. त्यांची मुलगी 1937 साली प्रागमध्ये जन्मली आणि पुढे अमेरिकेची परराष्ट्रमंत्री झाली: मॅडलिन ऑल्ब्राइट. तिला कॅथलिक म्हणून वाढवलं होतं. आपलं कुटुंब मूळचं ज्यू होतं आणि चारपैकी तीन आजी-आजोबा नाझींनी घडवलेल्या संहारात गेले, हे तिला 1997 मध्ये, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी कळलं. आईबापांनी ते कधी सांगितलं नव्हतं. ती प्रागला गेली. तिथल्या पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर बोहेमिया आणि मोरावियातून नेऊन मारलेल्या जवळजवळ 78 हजार ज्यूंची नावं हाताने लिहिलेली आहेत. त्यात तिने आपल्या माणसांची नावं वाचली. ती पुढे त्यावर बोलली, तिने पुस्तक लिहिलं. आईबापांनी झाकून ठेवलेली माणसं तिने नावानिशी पुन्हा आपल्या घरात घेतली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी लग्नाचं पुस्तक काढलं. 1866 साली यानचं लग्न लागलं होतं. आता पाद्री चेक भाषेत लिहीत होता. वराच्या रकान्यात आईचं आडनाव, आणि पुढे दोन शब्द: ‘यिनाक द्वोर्झाक’. यिनाक म्हणजे उर्फ.

“हा बघ तुझा माणूस,” बाई म्हणाल्या. “पाद्र्यासाठी आईच्या नावाचा. गावासाठी द्वोर्झाकांच्या घरचा. त्या घरात जन्मला, त्याच घरात वाढला. मालकिणीनेच त्याला बाप्तिस्म्याच्या हौदापाशी हातात धरलं होतं.”

त्या मुलुखात नाव घराला असे, माणसाला नव्हे. विधवेशी लग्न करून कुणी घरात आला तर तो घराचं नाव घेई, मग त्याच्या बापाचं नाव काहीही असो. आडनावं कायम केली तीही जोसेफच्याच काळात, 1780 च्या दशकात. पण गावाची जीभ हुकमाने बदलत नाही. पुढे यान जहाजावर चढला तेव्हा त्याला जे नाव घेऊन गाव हाक मारत होतं तेच त्याने सांगितलं. अमेरिकेच्या बंदरात कारकुनांनी नावं बदलली असं घरोघर सांगतात, पण प्रवाशांची यादी जहाज सुटण्याच्या बंदरातच तयार होत असे. नाव यानने स्वतः निवडलं होतं.

नातीने विचारलं, “म्हणजे त्या शेतकऱ्याचं खरं रक्त तरी द्वोर्झाकांचं होतं ना?”

बाई हसल्या आणि आणखी मागे गेल्या. सगळा दिवस त्यात गेला. घरांना क्रमांक मिळण्याच्या आधीचं, लॅटिनमधलं पुस्तक. 1730 च्या सुमारास त्या घरातल्या विधवेशी एक गडी लग्न करतो आहे. त्याचं आडनाव वेगळंच. दोन वर्षांनी त्यांचं पहिलं मूल जन्मतं तेव्हा पाद्री त्याला द्वोर्झाक लिहितो. त्याच्याही मागे शंभरेक वर्षांपूर्वी तिथे मूळचा कुणी द्वोर्झाक असेल, पण तो दरबारी नव्हता. ‘द्वूर’ म्हणजे दरबार खरा. तसाच जहागिरीचा शेतवाडाही. द्वोर्झाक म्हणजे त्या वाड्याशी बांधलेला कुळवाडी. चेक देशात सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावांत ते येतं, कारण असे वाडे गावोगाव होते. संगीतकार द्वोर्झाकचे वडीलही खाटीक होते, आणि गावात खानावळ चालवत.

बाई तिला गावात घेऊन गेल्या. घराला क्रमांक अजून 17 च होता. ते क्रमांक बदलत नाहीत. दारावर वेगळंच आडनाव. अंगणात एक मुलगा सायकल धूत होता. बाईंनी विचारलं, “हे घर कुणाचं?” मुलाने आपलं आडनाव सांगितलं आणि पुढे म्हणाला, “पण गावात विचाराल तर ‘उ द्वोर्झाकू’ म्हणा.” द्वोर्झाकांकडे. त्या घरात द्वोर्झाक नावाचं माणूस राहून तीन पिढ्या झाल्या होत्या.

दफनभूमीत कातेर्झिनाचं थडगं नव्हतं. तिकडे थडग्याची जागा भाड्याने असते. भाडं भरणारं कुणी उरलं नाही की काही वर्षांनी दगड निघतो आणि त्या जागी दुसरं कुणी पुरलं जातं. तिचं भाडं भरणारा एकुलता एक मुलगा समुद्रापार गेला होता. नोव्हेंबरची दुसरी तारीख होती, मृतात्म्यांचा दिवस. दगडादगडांवर शेवंती आणि काचेच्या भांड्यात तेवणाऱ्या मेणबत्त्या. ज्यांची थडगी दूर आहेत किंवा उरलीच नाहीत, त्यांच्यासाठी मधल्या मोठ्या क्रुसाच्या पायथ्याशी मेणबत्ती लावतात. बाईंनी पिशवीतून दोन काढल्या. नातीने तिसरी मागून घेतली.

“तिसरी कुणाची?”

“नेलाहोझेवेसजवळ एक मूल होतं,” नात म्हणाली. “सहा आठवड्यांचं.”

डिसेंबरात ती आजोबांसमोर बसली. टेबलावर पानांच्या प्रती एकावर एक ठेवल्या आणि जशा सापडल्या त्याच क्रमाने दाखवल्या. आधी त्या बाळाचा मृत्यू. आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“आकडी?”

“हो, देदा.”

“आणि मी त्याला पस्तीस वर्षं माझा पूर्वज म्हणून टांगून ठेवलं. त्याची आई रडली असेल तेव्हा. मी कधी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी त्याच्यावरून पलीकडच्या नावाकडे बघत होतो.”

मग तिने दुसरं पान पुढे केलं. आजोबांना चेक थोडीफार येत होती, जर्मन मुळीच नाही. पण कोरा रकाना वाचायला भाषा लागत नाही. त्यांचा चेहरा लाल झाला. उठून ते खिडकीशी गेले. “म्हणजे आपण कुणाचेच नाही,” ते म्हणाले. “द्वोर्झाकसुद्धा नाही. जमलेल्या साठ माणसांसमोर मी हे लावू? हा कागद दडव. जुनंच उतरव. कुणाला कळणार आहे?”

नातीने पान उचललं नाही. “तुमच्या आजोबांना लहानपणी एका बाईने कडेवर घेतलं होतं. तिला सही येत नव्हती. तिने तीन फुल्या केल्या. त्या बघा एकदा.”

आजोबा बऱ्याच वेळाने परत येऊन बसले. त्या माणसाबद्दल, म्हणजे आपल्या आजोबांबद्दल, त्यांच्या वडिलांनी एक गोष्ट सांगितली होती, ती त्यांना आठवली. सिंक्लेअरच्या कत्तलखान्यात तो कामाला होता. 1871 ला तो कारखाना निघाला आणि अर्धी चेक वस्ती त्यात भरती झाली. शनिवारी पगार झाला की तो घरी येताना पाव जास्तीचा आणी. पुलापाशी नवी आलेली, काम नसलेली माणसं बसलेली असत, त्यांतल्या एकाला तो जेवायला घेऊन येई. बायको कटकट करी. तो म्हणे, मीही असाच कुणाच्या तरी घरात जेवून मोठा झालो. घरातल्यांना वाटे, तो जहाजावरच्या दिवसांबद्दल बोलतो आहे.

आजोबांनी ती प्रत हातात घेतली. बोट तीन फुल्यांवर ठेवलं. “मालकिणीचं नाव काय?” त्यांनी विचारलं. नातीने सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं.

आणि मग, कुणी काही न विचारता, ते म्हणाले, “तुझ्या आजीचा डबा कुठे आहे?”

बिस्किटांचा तो पत्र्याचा डबा माळ्यावर होता, म्हणून पुरातून वाचला होता. आजी असेपर्यंत आजोबांनी तो कधी उघडला नव्हता. आत तिच्या आईचा जहाजाचा कागद होता, एक जपमाळ, आणि मागे काही न लिहिलेला एक फोटो. देश म्हणून ‘हंगेरी’. आजोबांना ते पाहून वाटलं, हे आपलं नव्हे. नातीने पुढचा रकाना दाखवला. अमेरिकी अधिकाऱ्यांनी 1899 पासून ‘कुठल्या लोकांपैकी’ असा वेगळा रकाना ठेवला होता. तिथे लिहिलं होतं: स्लोव्हाक. स्लोव्हाकिया तेव्हा हंगेरीच्या राज्यात होता. 1895 च्या ऑक्टोबरपासून जन्ममृत्यूच्या सरकारी नोंदी हंगेरियन भाषेत होऊ लागल्या, यानचा यानोश झाला, आणि 1898 च्या कायद्याने गावांची नावंही हंगेरियन ठरवली गेली. बार्देयोव्हचं बार्तफा, कोशित्सेचं कॉश्शो. आजीची आई ज्या गावाचं नाव घेऊन झोपताना प्रार्थना करायची, ते गाव नकाशात शोधून सापडत नव्हतं, कारण कागदावर ते वेगळ्याच नावाने होतं.

“इतकी वर्षं संसार केला,” आजोबा म्हणाले, “आणि मी तिला एकदाही विचारलं नाही की तुझं गाव कुठलं.”

तो हिवाळा दोघांनी पूर्व स्लोव्हाकियातल्या शारिश भागाच्या नोंदवह्यांत घालवला. नात वाचायची, आजोबा लिहून घ्यायचे. हात थरथरत, म्हणून अक्षर मोठं काढत. वसंतात आजीच्या आईचं गाव सापडलं. त्या दिवशी त्यांनी दुपारचं जेवण केलं नाही, आजीच्या थडग्यापाशी जाऊन बसले आणि तिला ते नाव तिच्या भाषेत वाचून दाखवलं.

जुलै 2012 मध्ये संग्रहालय उघडलं. द्वोर्झाक कुटुंब जमलं. नवा कागद आधीच्या दुप्पट रुंद होता, कारण उजवी बाजू आता डावीएवढीच भरली होती. बुंध्याशी कातेर्झिना, मोलकरीण, आणि तिच्या शेजारी घर क्रमांक 17 ची मालकीण, तिच्या नावापुढे तीन फुल्या. संगीतकाराकडे जाणारी रेघ नव्हती. खालच्या कोपऱ्यात, कुठल्याच फांदीला न जोडलेलं, एक नाव होतं: यान द्वोर्झाक, 1841, सहा आठवडे.

यानच्या वडिलांचा रकाना कोराच होता. त्याकडे बोट दाखवून एका पुतण्याने विचारलं, “या रकान्यात काहीतरी लिहायला हवं ना? निदान ‘अज्ञात’?”

आजोबांनी त्याला तिथे काही लिहू दिलं नाही.